शेजारची उशी

दिवा राहू दे रे, घाबरायचंय कशाला? गोष्ट खरी आहे. खोटी असती तर जरा तिखटमीठ लावून सांगितली असती.

माझा मेहुणा, आपला गणित्या. माणूस रात्री झोपेतून मध्येच जागा का होतो, ते हा समीकरणांत मांडतो. डोक्यावर तारांची टोपी, पडद्यावर मेंदूच्या रेषा, आणि जाग यायच्या आधीच याचं गणित सांगतं, आता उठणार. गेल्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी रात्री तो यंत्र घेऊन घरी गेला, आईसाठी. म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. सासरे गेल्यापासून त्या रोज दचकून उठायच्या. पार वाळल्या होत्या. बघून जीव तुटायचा.

गणित काही जमेना. एका मेंदूवर ती जाग बसेचना. वैतागून यानं समीकरणात दुसरा झोपलेला माणूस धरला. चपखल बसलं!

"यंत्रच बिघडलंय," हा म्हणाला. तपासायची यांची एक रीत असते. दुसरी टोपी ओल्या टॉवेलच्या गुंडाळीला घालायची. रेषा सपाट आली की यंत्र ठीक. यानं गुंडाळी ठेवली शेजारच्या उशीवर. सासऱ्यांच्या.

सासूबाई झोपल्या. टॉवेलची रेषा सपाट.

मग... हलली.

आधी ती. मागोमाग सासूबाई दचकून उठल्या.

"आई, कुणी उठवलं?"

"झोप रे तू," म्हणत त्या भिंतीकडे वळल्या.

याचं डोकं फिरलं. "बाबा, आता तरी झोपू द्या तिला!" उशी, टोपी, गुंडाळी, सगळं बाहेर टाकलं. कडी लावली.

सासूबाईंना गाढ झोप लागली, घोरूही लागल्या. किती दिवसांनी! याचे डोळे भरून आले.

घोरणं थांबलं.

छाती हलेना.

"आई..." हात ओढला. गाल थोपटले. "आई!"

...

तेव्हा कळलं, बाबा रोज का उठवत होते.

धावत जाऊन कडी काढली. बाहेर अंधार. कुणी नाही.

"बाबा... या. या ना."

...

मागे श्वास ऐकू आला. मोठा. बुडणारा माणूस वर यावा तसा.

डॉक्टर म्हणाले, झोपेत श्वास अडकतो यांचा, वेळेवर हलवलंत म्हणून वाचल्या. पण यानं ओढला होता हात. खांद्याला तो शिवलाच नव्हता. आणि सासूबाईंच्या भिंतीला टेकलेल्या खांद्यावर पाचही बोटांचे वळ उठलेत. मी स्वतः पाहिलेत. वर्ष झालं... अजून गेले नाहीत.