नावाच्या जागी अडकलेला व्हिडिओ

ऐका तर! एखादा व्हिडिओ स्क्रीनवर बघितला की मस्त चालतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण "आता याची फाइल बनव" म्हटलं की दर वेळी एकाच ठिकाणी बंद पडतो. असं कसं होईल? उर्मीलाही हाच प्रश्न पडला होता, आणि तिच्याकडे तर डोकं खाजवायलाही वेळ नव्हता. कारण संध्याकाळी सहाला चंद्राचं टपाल निघणार होतं!

म्हणजे झालं काय, उर्मीचे बाबा होते चंद्रावर. तिथला बर्फ काढून पाणी करणारी यंत्रं ते सांभाळायचे. आणि त्यांचा तळ कुठे, तर चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला, जी आपल्याला इथून कधीच दिसत नाही. तिथून पृथ्वीसुद्धा दिसत नाही, मग सरळ फोन लागणार कसा? मधे फिरणारा एक उपग्रह इकडचे निरोप तिकडे पोचवायचा. पण त्याच्यावर कामाच्या निरोपांचीच इतकी गर्दी, की घरच्या टपालाची पाळी पंधरवड्यातून एकदाच यायची.

आणि काल मिरजेच्या घरी उर्मीच्या सव्वा महिन्याच्या छोट्या बहिणीचं बारसं झालं. तिचा जन्म झाला तेव्हा बाबा कधीच चंद्रावर पोचले होते. पण जाताना बजावून गेले होते, "नाव मला लिहून कळवू नका हं. पाळण्यापाशी तुम्ही जसं ऐकाल तसंच मलाही ऐकू द्या, अन्वीच्या तोंडून."

अन्वी म्हणजे बाबांची धाकटी बहीण, उर्मीची आत्या.

उर्मीने छाती ठोकून सांगितलं होतं, "बाबा, मी व्हिडिओ करून पाठवीन. अगदी सिनेमासारखा!"

तिने केलाही. पाहुण्यांच्या फोनमधले तुकडे जमवले, नको ते कापलं, हवं ते जोडलं. आणि रेंडरिंग (म्हणजे सगळे तुकडे शिजवून एकच सलग व्हिडिओ तयार करणं) सुरू केलं. पट्टी हिरवी होत होत पुढे सरकली आणि थांबली. वर पाटी आली, 'रेंडर अयशस्वी'.

"परत मेला!" उर्मी किंचाळली.

"हळू गं!" आतल्या खोलीतून आई म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

कोपऱ्यातून घुर्रर्र आवाज आला. घाबरू नका, तो बोका होता. बोका म्हणजे घरातला जुना रोबो. विचार करायला लागला की त्याच्या पोटातला पंखा घुरघुरायचा, म्हणून त्याचं नाव बोका.

"काय झालं, उर्मीताई?" त्याने विचारलं. बाळ घरी आल्यापासून तो तिला ताई म्हणायला लागला होता. बाळाला अजून बोलता येत नाही, तोवर त्याच्या वतीने मी म्हणतो, असं त्याचं म्हणणं.

"हे यंत्र खुळं झालंय! इथे बघ, छान चालतंय. आणि बनवताना मधेच पडतं. मी जुन्या फायली पुसून जागा केली, कॉम्प्युटर बंद करून गार होऊ दिला. तरी तेच!"

"दर वेळी वेगवेगळ्या ठिकाणी थांबतं की एकाच?"

"एकाच. त्याने काय फरक पडतो?"

"मोठा फरक पडतो. यंत्र तापलं असेल, जागा संपत असेल, तर ते कुठेही थांबेल, आज इथे तर उद्या तिथे. पण रोज एकाच ठिकाणी अडखळत असेल तर चालणाऱ्याकडे नको बघूस, रस्त्याकडे बघ. तिथे खड्डा आहे."

"अरे, पण मग बघताना खड्डा का नाही लागत?" अन्वीआत्या विचारत आली. तिच्या हातात बाळाचं नवं झबलं होतं, अर्धवट शिवलेलं.

बोक्याने झबल्याकडे बोट केलं. "आत्या, तुम्ही आधी कच्चे टाके घालता ना? लांब लांब, नुसतं कसं दिसतंय ते कळायला. मधे काही टोचलं तरी सुई त्याला वळसा घालून जाते. आपण स्क्रीनवर बघतो ते तसं. एखादं चित्र मिळालं नाही तर ते सोडून पुढे पळायचं, बघणाऱ्याला कळतही नाही. रेंडरिंग म्हणजे मशीनवरची पक्की शिलाई. एक टाकासुद्धा सोडायचा नाही. तिथे कापडात टाचणी राहिलेली असली तर?"

"तर सुई मोडते," आत्या म्हणाली. "आणि मी शिव्या घालते."

"म्हणजे माझ्या व्हिडिओत टाचणी आहे?" उर्मीचे डोळे मोठे झाले. "पण एवढ्या तुकड्यांत शोधायची कशी? एकेक बघत बसले तर सहा वाजतील!"

"एकेक कशाला? निम्मं निम्मं कर."

आणि हे फारच भारी होतं बरं का! उर्मीने व्हिडिओचा फक्त पहिला अर्धा भाग बनवायला घेतला. झाला! म्हणजे तो बिचारा निर्दोष. मग उरलेल्याचा अर्धा. तोही झाला! मग उरलेल्याचा परत अर्धा, आणि तिथे पट्टी थांबली. म्हणजे टाचणी इथेच. त्याचेही दोन भाग केले. असं करता करता एकच तुकडा राहिला. उर्मीने तो लावून बघितला.

तो आत्याच्या फोनमधला होता. नाव ठेवतानाचा!

"हा काढून टाकता येणार नाही," ती पुटपुटली. "हाच तर पाठवायचाय."

"मग परत करू की," आत्या म्हणाली. "मी वाकते पाळण्यात, तू फोन धर."

"आणि बाळ परत तसं करेल का?" उर्मी म्हणाली. "काल नाव ऐकलं आणि रडायची थांबली गं ती. तुझ्याकडे बघत राहिली. तसं दुसऱ्यांदा कसं होईल? ते तर नाटक होईल."

आत्या खुर्ची ओढून शेजारी बसली.

बोक्याने त्या तुकड्याचं पोट उघडलं, म्हणजे फाइलच्या आत काय काय साठवलंय ते स्क्रीनवर मांडलं. "उर्मीताई, व्हिडिओ म्हणजे एकामागून एक चित्रं. पण सगळी चित्रं पूर्ण साठवली तर फोन लगेच भरेल. म्हणून फोन युक्ती करतो. आता जरा आत जाऊन बाळ बघून ये."

उर्मी चवड्यांवर गेली आणि आली. "झोपलंय. पिवळं दुपटं, डोक्यावर टोपडं, दोन्ही मुठी मिटलेल्या."

"परत जाऊन ये."

"बोक्या!"

"जा तर."

ती परत आली. "तशीच झोपलीये. फक्त डावी मूठ उघडलीये."

"बघ! दुसऱ्यांदा तू दुपटं कुठलं, टोपडं कुठलं, काही सांगितलं नाहीस. बदललं तेवढंच सांगितलंस. फोनही तेच करतो. आधी एक आधारचित्र (म्हणजे काहीही न गाळता साठवलेलं पूर्ण चित्र) आणि त्याच्यामागे नुसते फरक. मूठ उघडली. ओठ हलले. थोड्या वेळाने परत एक आधारचित्र, परत फरक."

उर्मी स्क्रीनकडे बघत राहिली. "आणि आधारचित्रच हरवलं तर?"

"तर 'मूठ उघडली' म्हणजे कुणाची मूठ, कुठली मूठ? त्यानंतरचे फरक सगळे अधांतरी. इथे तेच झालंय. फोनला कसला तरी दणका बसला, आतलं मेमरी कार्ड (म्हणजे साठवणीची इवलीशी चिप) क्षणभर सुटलं, आणि नेमकं तेव्हाचं आधारचित्र लिहिलं गेलं नाही."

दणका! उर्मीचे कान तापले. आत्या कानात नाव सांगते तेव्हा बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हे तर ठरलेलंच. काल आत्या एका हातात फोन धरून पाळण्यात वाकली होती, आणि उर्मीने आनंदाच्या भरात असा काही धपाटा घातला होता, की सगळे हसले होते.

"आत्या," ती म्हणाली, "तो धपाटा... मीच..."

"छे गं!" आत्याने तिला ओढून जवळ घेतलं. "एवढे धपाटे पडले, त्यातला कुणाचा कुठला ते मला काय माहीत? पाठीला काय डोळे असतात? आणि धपाटा न घालता झालेलं बारसं तुझ्या बाबाला खोटंच वाटलं असतं."

उर्मी रडता रडता हसली. मग नाक पुसून म्हणाली, "बोक्या, आवाज?"

"आवाज शाबूत आहे. तो वेगळ्या छोट्या छोट्या पुड्यांत असतो. एखादी पुडी सांडली तरी पुढची स्वतःच्या पायावर उभी असते. चित्र मात्र पुढचं आधारचित्र येईपर्यंत सावरत नाही. हवं तर मधली चित्रं मी कल्पनेने काढून भरून देतो. बाळ अगदी खरं वाटेल."

"वाटेल," उर्मी म्हणाली. "पण ते बाळ नसेलच ना. नको. बाबांना कालचंच पाठवायचंय."

मग तिने काय केलं माहितीये? बोक्याला सांगून आधी तो एकच तुकडा नव्याने बनवून घेतला. ज्या फरकांना आधार नाही ते गाळायचे. त्यांच्या जागी आधीचं शेवटचं धड चित्र तसंच धरून ठेवायचं. नवीन आधारचित्र आलं की पुढे चालायचं. आणि आवाजाला अजिबात हात लावायचा नाही.

मग अख्खा व्हिडिओ परत बनवायला लावला आणि पट्टी सरकायला लागली. बोका घुरघुरत होता, आत्याने झबल्याची कड मुठीत घट्ट धरली होती, आईसुद्धा बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली. नेहमीची जागा आली. आणि पट्टी पुढे गेली! पुढे, पुढे, टोकापर्यंत!

चौघं बघत बसले. आत्या वाकते, पडद्यावर बाळाचा इवलासा कान दिसतो, आणि तिथेच चित्र थांबतं. त्या थांबलेल्या कानावर आत्याचा आवाज येतो, "कुर्रर्र... रेवा." मग चित्र हलतं, आणि रेवा गप्प होऊन टुकुटुकु बघत असते.

सहाच्या आधी व्हिडिओ गेला. सोबत उर्मीने लिहिलं, चित्र मधे का थांबतं, आधारचित्र म्हणजे काय, आणि धपाटा कुणाचा होता तेही.

पुढच्या टपालात बाबांचा आवाज आला. आधी दोनदा नुसतंच, "रेवा, रेवा."

"उर्मे, ते चित्र थांबतं ना, ते मला फार आवडलं. एवढ्या लांबून ऐकायचं तर कुणीतरी थांबायला हवंच होतं. आणि हे बघ, आत्तापर्यंत तुम्ही नुसतं लिहून कळवायचात, वजन वाढलं, शिंकली, जांभई दिली. मी ते सगळं ठेवू कशावर? माझ्याकडे आधारचित्रच नव्हतं. आता आहे. आता नुसते फरक पाठवलेस तरी चालेल."

उर्मी धावत आत गेली. रेवा जागी होती, पाय झाडत होती. उर्मी तिच्याकडे टक लावून बघत बसली, काय बदललंय ते शोधत.

"बोक्या, लिही," ती हळूच म्हणाली. "आज ती माझ्याकडे बघून हसली."