मालाडच्या खाडीतले रातबगळे

१९५५ च्या मे महिन्यातल्या त्या रविवारी, चर्चमधली पहिली मिस्सा आटोपून, ऑलिव्ह आणि तिचा थोरला भाऊ मॅथ्यू मालाडच्या खाडीत उतरले ते रातबगळ्यांची घरटी बघायला. खाडीच्या मधोमध तिवरांनी भरलेलं एक बेट होतं. तिथे रातबगळे अंडी घालतात असं सगळे म्हणत, पण आत शिरून पाहिलेलं कुणी नव्हतं. फोर्टातल्या कचेरीत वर्षभर टाइपरायटर बडवून मिळालेली आठ दिवसांची सुट्टी ऑलिव्हने याच कामासाठी राखली होती. पाखरांचा तिला भारी नाद. दिसलेलं प्रत्येक पाखरू, जागा आणि वेळ ती रोजनिशीत टिपून ठेवी.

आणि तीच रोजनिशी मॅथ्यूने तिला न विचारता उघडली होती! गेल्या वर्षीच्या आठ मेच्या पानावर लिहिलं होतं की सकाळी अकराला बेटापर्यंत गुडघाभर पाणी. आजही आठ मे, म्हणजे आजही गुडघाभरच, असा हिशेब साहेबांनी करून टाकला. सरूबाई कोळीण होडीतून न्यायला तयार होती. उद्या पुनवेनंतरची दुतिया आहे, उधाणाचं पाणी असेल, आठानंतर पायी उतरू नका, असं तिने आदल्या दिवशी बजावलंही होतं. मॅथ्यूने तिचं हसण्यावारी नेलं आणि येऊ नको म्हणून परस्पर सांगून टाकलं. हे सगळं त्याने बहिणीला सांगितलं ते निम्मी खाडी ओलांडल्यावर, तेही फुशारकीने.

ऑलिव्हच्या अंगाचा तिळपापड झाला. मागे फिर, म्हणून ती दोनदा ओरडली. तो पुढेच गेला. संताप त्याचा तसा स्वतःचाही! इतकी वर्षं तारखा लिहिल्या, पण खाडी चंद्रावर चालते हे एकदाही मनात येऊ नये?

पाणी फिरलं होतं. आधी घोट्याला लागलं, मग पोटरीला. बेट वीस पावलांवर आलं आणि मॅथ्यू मांडीपर्यंत गाळात रुतला. त्याने पाय उपसायला जोर केला. आणखी रुतला! ऑलिव्हने तिवराच्या फांद्या मोडल्या, गाळावर पसरल्या आणि त्यांच्यावर पालथी पडून त्याला ओढलं. तो हलेना. पाणी त्याच्या छातीला लागलं.

"बूट!" ती किंचाळली. "चिखलात बूट घालून आलास?"

तिने श्वास कोंडला आणि बुडी मारली. डोळ्यांपुढे नुसता काळोख. बोटांनी गाळ उकरून तिने नाडी शोधली. गाठ सुटली! पुन्हा वर, पुन्हा खाली. दुसरी नाडी सुटेना, तिने ती दातांनी तोडली. मॅथ्यूचे पाय मोकळे झाले आणि दोघांनी कसंबसं एक तिवर गाठून त्याला मिठी मारली.

सरूबाईने त्यांना काठावरून पाहिलं होतं. ती होडी घेऊन आली, दोघांना आत ओढलं आणि मॅथ्यूला चार शेलक्या शिव्या हासडल्या. मग ऑलिव्हकडे पाहून म्हणाली, "पानी चढलंय, पोरी. आता होडी घरट्यांपरत जाईल."

घरटी समोरच होती. पण आरडाओरड्याने उठलेले बगळे वर घिरट्या घालत होते, आणि खाली अंडी भर उन्हात उघडी पडली होती.

"नको. आपण असेपर्यंत पाखरं अंड्यांवर बसायची नाहीत," ऑलिव्ह म्हणाली. "होडी फिरव, सरूबाय."

"अगं, यासाठीच तर आलो ना आपण?" मॅथ्यू म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्या मूर्खपणापायी मी त्यांची अंडी भाजू देणार नाही."

ती बेटाकडे पाठ करून बसली. तिला ती अंडी बघायची होती, फार बघायची होती, आणि रागाने तिचे डोळे भरून आले होते. होडी लांब गेली तशी मागची कलकल हळूहळू निवत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.