झोपलेली ओळ

नानांचा कॉम्प्युटर चालू असे, पण पडद्यावर काहीही नसे. ना चित्र, ना बटण, ना घड्याळ. नुसता काळाकुट्ट पडदा. नानांनी बोट हलवलं की मात्र त्या काळोखातून नेमकी हवी ती खिडकी पुढे येई. हे कसं होतं, हे कोडं ऋजुताला काही सुटत नव्हतं. तिला वाटे, नानांचं मशीन मोडलंय आणि ते बिचारे कसंबसं चालवून घेतायत.

नाना म्हणजे तिच्या आईचे वडील. उभा जन्म त्यांनी ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकण्यात घालवला. आता तसल्या दुर्बिणी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला गेल्या होत्या. इथल्या, नाना राहत त्या वसाहतीतल्या अवाढव्य अँटेना गंज खात उभ्या होत्या आणि शेजारची घरं एकेक करून ओस पडली होती. नानांचे स्नायूही असेच एकेक करून संपावर जात होते. उजवा हात गेला, मग आवाज गेला. डाव्या हाताची काही बोटं तेवढी उरली होती. त्या बोटांनी ते अक्षरं दाबत आणि मशीन त्यांच्या वतीने बोले.

"नाना, आता तरी नवं काहीतरी घ्या की," आई चिडवायची. "म्हणतात ना, जित्याची खोड..." आणि म्हणीचा पुढचा भाग गिळून टाकायची.

नानांच्या वाढदिवसाला ऋजुताने ठरवलं, ही भेट आपणच द्यायची. दुपारी ते झोपले असताना तिने त्यांच्या मशीनवर 'सोबती' बसवली. सोबती म्हणजे घरोघरी असलेली प्रणाली, माणसाच्या चेहऱ्याकडे बघून त्याला काय हवंय ते ओळखणारी. 'जुनं सगळं पुसू का?' असं सोबतीने विचारलं. ऋजुताने बेधडक 'हो' म्हटलं. पडद्यावर झेंडूची फुलं डोलायला लागली.

नाना जागे झाले. आईने त्यांची चाकांची खुर्ची पडद्यासमोर आणली. बोट हललं. काहीच झालं नाही. पुन्हा हललं. आजाराने त्यांचा चेहरा कधीच निश्चल करून टाकला होता. त्यावर हसू उमटत नसे आणि आठीही पडत नसे. सोबतीने तो चेहरा निरखला आणि गोड आवाजात विचारलं, "आपण झोपलात का?" मग तिने पडदा मंद केला.

नाना झोपले नव्हते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. हौस ऋजुताची आणि वाचा गेली नानांची. बरं, हाताखालच्या मुलांना नाना आयुष्यभर बजावत आले होते, की प्रत्येक गोष्टीची प्रत दुसरीकडे ठेवा. स्वतःची एकुलती एक प्रत मात्र त्याच मशीनवर! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

ऋजुताने रडत रडत डिमेलो आजींना फोन लावला. त्या नानांच्या जुन्या सहकारी. आता वसईला असायच्या, आणि त्यांच्याही पडद्यावर काळोखच असे.

"पुसलंस? सगळं?" आजींनी विचारलं. मग म्हणाल्या, "रडू नको बाय. आधी समजून घे. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या खिडकीत उघडतो, बरोबर? मग कुठली खिडकी कुठे, केवढी, कोणाच्या पुढे, हे कोण ठरवतं?"

"कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटर नाही, त्यातला एक वेगळा प्रोग्राम. खिडकी-व्यवस्थापक. सोबतीत तो आत शिवलेला असतो, हात लावता येत नाही. आम्ही वापरतो ते लिनक्स (कोणीही आत डोकावावं, बदल करावा अशी मोकळी संगणक-प्रणाली). तिथे व्यवस्थापक आपणच निवडायचा. आमचा अगदी हलका. स्वतःहून काही मांडत नाही, म्हणून जुनाट मशीनवरही पळतो."

"म्हणून पडदा काळा!"

"हां. त्याने काय करायचं ते आपण मांडणी-फाइलीत (मांडणीचे नियम साध्या अक्षरांत लिहिलेली फाइल) लिहून द्यायचं. एका ओळीत एक नियम. अमुक बटण दाबलं की तमुक कर. सोबती अंदाज बांधते गं. हा फक्त सांगितलेलं ऐकतो."

"मग तुमची फाइल द्या ना, आजी!"

"देते. पण ती नानाला नाही व्हायची."

आजींच्या सांगण्यावरून लिनक्स आणि व्यवस्थापक परत बसवायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. आजींची फाइल घातली, पडदा पुन्हा काळा झाला. नानांचं बोट हललं आणि भलतीच खिडकी उघडली, तीही कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत. दुसऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवल्यासारखी गत झाली. आजींची दहाही बोटं धडधाकट होती आणि त्यांचे निम्मे नियम दोन्ही हातांचे होते.

"आता कळलं, एवढ्याशा प्रोग्रामवर आम्हा म्हाताऱ्यांचा जीव का?" आजी म्हणाल्या. "तरुणपणापासून ती फाइल लिहितोय आम्ही. सवय बदलली की ओळ बदलायची. माणूसच उतरतो त्या फाइलीत. आता नानालाच विचार."

मग विचारणं सुरू झालं. ऋजुता एकेका बटणावर बोट ठेवी. "हे? बोलायची खिडकी?" नानांनी एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. ओळ लिहायची, व्यवस्थापकाला फाइल पुन्हा वाचायला लावायची, नानांकडून करवून बघायची. चुकलं की पुन्हा.

हळूहळू तिच्या लक्षात आलं, सगळे नियम मधल्या बोटाभोवतीच गोळा होतायत.

"नाना, करंगळीजवळची बटणं रिकामीच राहिली. तिथे काय होतं?"

नानांची नजर करंगळीकडे गेली. तिने त्यांची करंगळी हातात घेतली. ती थंड होती आणि हलत नव्हती. शेजारचं बोटही नाही. अंगठा आणि तर्जनीही नाही.

घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. एक बोट गेलं की नाना त्याचे नियम मुकाट्याने दुसऱ्या बोटाकडे हलवत होते, म्हणून त्यांचं बोलणं कधी अडलं नाही. ते सगळं त्या फाइलीत होतं, आणि ऋजुताने ती पुसली होती.

अखेर बोलायची खिडकी उघडली, मोठ्ठ्या अक्षरांची. मधलं बोट सावकाश हलत राहिलं आणि मशीन बोललं, "झेंडू गेला का?"

मागे उभी असलेली आई रडता रडता हसली. बोट अजून थांबलं नव्हतं.

"आता पापणीची ओळ लिही."

ऋजुताला अर्थ कळला, आणि कळला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. "कशाला, नाना? बोट आहे की अजून."

"आहे तोवर लिही."

तिने लिहिलं. कॅमेऱ्याला पापणी जास्त वेळ मिटलेली दिसली, की बोलायची खिडकी उघड. मिटलेली पापणी सोबतीला झोप वाटली असती, या फाइलीत तीच हाक होणार होती. त्या ओळीच्या आधी नानांनी एक चिन्ह घालायला लावलं, फुलीगोळ्याच्या रिकाम्या चौकटीसारखं: #. ते टिप्पणी-चिन्ह (ज्या ओळीच्या सुरुवातीला ते असतं, ती ओळ व्यवस्थापक वाचत नाही). ओळ फाइलीत राहते, पण झोपून. चिन्ह पुसलं की जागी होते.

"आणि पापणीही दमली तर?" ऋजुताने विचारलं.

"मेंदूतल्या लहरी," मशीन म्हणालं. "ती ओळ मला लिहिता येत नाही. तू शीक."

या वेळी फाइलीची एक प्रत डिमेलो आजींकडे गेली.

आता रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ऋजुता नानांचं मधलं बोट आपल्या मुठीत धरते. ते हळूच दाबून उत्तर देतं. मग ती फाइल उघडून बघते. चिन्ह अजून जागेवर आहे.