तीन बोटं जागा

नव्या आसनांच्या चाचणीसाठी पुणे-सिंगापूर प्रवासी विमानात डॉ. ऋजुता केळुसकर मुद्दाम मधल्या जागेवर बसली होती. ही समवाटप-आसनं तिनंच घडवली होती. दोन प्रवाशांमधली सरकपट्टी दोन्हीकडच्या स्नायूंचा रेटा मोजायची आणि ज्याचा रेटा कमी, त्याला कमी जागा पुरते असं धरून त्याच्या बाजूला सरकायची. कोपरांची भांडणंच मिटली!

डावीकडे तिचा सहकारी, मज्जातज्ज्ञ यासीन मुकादम. उजवीकडे, खिडकीशी, अकोल्याचे निवृत्त प्राध्यापक हुद्दार. लेकीकडे निघालेल्या हुद्दारांच्या गप्पा पुणे सोडल्यापासून चालू होत्या.

"तुझी जागा तीन बोटं वाढलीये," यासीन हसला. "यंत्र मालकिणीची बाजू घेतंय."

"त्याला मालकीण कळत नाही, रेटा कळतो." ऋजुतानं पडद्यावर नोंद उघडली. हुद्दारांचा रेटा जवळजवळ शून्य होता.

"काका भिडस्त असतील. अंग चोरून बसलेत."

"अंग चोरायलासुद्धा स्नायू आवळावे लागतात. झोपलेल्या माणसाचाही आकडा इतका उतरत नाही, आणि हे तर जागे आहेत."

"मग मापक बिघडला असेल."

तिनं पट्टीच्या पलीकडच्या अंगाला मूठ दाबली. आकडा टुणकन वर गेला. मापक ठीक होता. पट्टी मात्र हुद्दारांच्या डाव्या कोपरात रुतली होती.

"काका, हात दुखत नाही?"

"कुठला हात? मी ऐसपैस बसलोय!"

यासीनचं हसू मावळलं. "काका, दोन्ही हात वर करा बघू."

उजवा हात वर गेला. डावा मांडीवरच राहिला.

"केले की दोन्ही!" हुद्दार ठासून म्हणाले.

"पक्षाघात," यासीन हलक्या आवाजात म्हणाला. "मेंदूच्या उजव्या भागाचं रक्त अडलं असणार. डावी बाजू लुळी पडलीये, हे कळण्याची जाणीवच गेलीये."

निरोप मिळताच सहवैमानिक आला. हुद्दार त्याच्यावर उखडले. "मला काही झालेलं नाही! लेक विमानतळावर येणार आहे. विमान वळवलंत तर तक्रार करीन."

सहवैमानिक घुटमळला. "प्रवासी स्वतः नको म्हणताहेत, मॅडम."

"त्यांना कळत नाही, हाच तर त्यांचा आजार आहे," ऋजुता शांतपणे म्हणाली. "वळवा. जबाबदारी माझी."

विमान चेन्नईला उतरलं. रुग्णालयात मेंदूचं चित्रण झालं. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती.

"गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुरुवात नक्की कधी झाली? रुग्णाला विचारून उपयोग नाही आणि अंदाजानं हे औषध मी देणार नाही."

ऋजुतानं पडदा त्यांच्यासमोर धरला. रेट्याची रेघ एका जागी कड्यासारखी कोसळली होती.

"दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजत होते. "सिस्टर, औषध भरा."

नवव्या दिवशी हुद्दार आपल्या पायांनी चालत बाहेर पडले. विमानात आपल्याला काहीही झालं नव्हतं, असं ते अजूनही छातीठोकपणे सांगतात.