लाकूडपेढीतला एकच प्रश्न

"काही सांगू नका, फक्त डिकी उघडा," विनी म्हणाली.

पावसात भिजत उभ्या असलेल्या त्या उंच माणसाने काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. विनी थर्लोने बर्चच्या लाकडांची एक मोळी उचलून त्याच्या चिमुकल्या निळ्या गाडीत टाकलीसुद्धा. मग दुसरी. मग तिसरी...

"अहो, पण मी—"

"आमच्याकडे कोणी कारण सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. हिवाळा सगळ्यांनाच येतो."

ब्रूक्सपोर्टच्या लाकूडपेढीचा हा पहिला आणि लाडका नियम. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या किनाऱ्यावर निम्मी घरं अजून लाकडाच्या शेगडीवर हिवाळा काढतात. ज्यांना लाकूड विकत घेणं परवडत नाही, त्यांनी पेढीच्या आवारात यावं, हवं तेवढं फुकट न्यावं आणि मान खाली घालू नये. विनी या धर्मादाय संस्थेची संचालक. संचालक म्हणजे काय, तर कुऱ्हाड तिचीच, फोनवरही तीच आणि हिशेबही... हिशेबाबद्दल न बोललेलं बरं.

चौथ्या मोळीचं दुसरं टोक त्या माणसाने धरलं. त्याच्या भुवयांवरून पाणी ठिबकत होतं आणि तो हसू दाबत होता.

"मी रेमी थिबोडो. पोर्टलंडहून आलोय. हिशेब बघायला अर्धवेळ माणूस हवा म्हणून तुम्हीच आमच्या कंपनीला कळवलं होतंत. आज मुलाखत आहे माझी... म्हणजे, होती."

विनीच्या हातातून मोळी सुटली. ती नेमकी त्याच्या पायावर पडली.

"काम मिळायच्या आधीच नुकसानभरपाई मागावी लागणार," तो एका पायावर उभा राहून म्हणाला.

"लाकूड चालेल का भरपाईत?"

"तेवढंच दिसतंय तुमच्याकडे."

रेमी लंगडत मुलाखतीला आला. चाळीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या अर्लीन मेरिल पेढीच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाय मोडला तरी बसून हिशेब करता येतो. घ्या याला."

त्याची कंपनी असल्या लहान संस्थांना अधूनमधून माणूस पुरवायची. पूर्ण वेळचा पगार द्यायची कोणाची ऐपत? रेमी महिन्यातून दोनदा, गुरुवारी यायचा. त्या दोन गुरुवारी विनीच्या केसांत भुसा नसायचा. हे अर्लीनच्या लक्षात आलं होतं. विनीच्या नव्हतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी शेगडीपाशी सूप पिता पिता रेमीने सहज विचारलं, "लाकूड फोडायच्या यंत्रासाठी त्या देणगीदार ट्रस्टने दिलेले पैसे कुठे आहेत?"

विनीच्या तोंडचं पाणी पळालं.

"जळाले," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"डिसेंबरात थंडीची लाट आली. आपलं लाकूड संपलं. माणसं गारठत होती हो... मी त्या पैशांनी सुकं लाकूड विकत घेऊन वाटलं."

असल्या संस्थांमध्ये याहून मोठं पाप नाही. एका देवाचा नैवेद्य दुसऱ्या देवापुढे ठेवल्यासारखंच ते. ज्या कामाला देणगी आली, त्याच कामाला ती लागली पाहिजे. गेला महिनाभर या एका गोष्टीने विनीची झोप उडाली होती.

"पेढी बंद पडणार ना आता?"

रेमीने फोन तिच्यापुढे सरकवला. "ट्रस्टला लावा."

"त्यांनी विचारल्यावर सांगू की..."

"त्यांनी विचारायच्या आधी. विचारल्यावर सांगितलं तर तो कबुलीजबाब. आधी सांगितलं, तर नुसतं बोलणं."

तिने फोन लावला. ती बोलत होती तेव्हा रेमीने आपल्या बशीतला अर्धा डोनट हळूच तिच्या बशीत ठेवला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "माणसं उबेत राहिली ना? मग तसा अर्ज पाठवा, मी बदल मंजूर करून घेते. आधी सांगितलंत हे बरं केलंत."

विनीचा जीव भांड्यात पडला. ती हसली, मग रडली, आणि मग काय झालं कोण जाणे, तिने रेमीच्या खांद्यावर कपाळ टेकलं. तो हलला नाही. त्याच्या स्वेटरला बर्चचा वास येत होता. पोर्टलंडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाच्या स्वेटरला तो वास का यावा, हा प्रश्न तिला पडला, पण विचारायचा कसा? पेढीचा नियमच तसा.

"तुम्ही फार चांगले आहात," ती खांद्यातच पुटपुटली.

"आता 'तू' म्हटलंस तरी चालेल," तो म्हणाला. "खांदा भिजवल्यावर कसलं 'अहो'..."

त्यानंतर दोघं खूप बोलले. बर्फाबद्दल, यंत्राबद्दल, त्याच्या आजीच्या बकव्हीटच्या पिठाच्या धिरड्यांबद्दल. जे बोलायचं होतं ते सोडून सगळ्याबद्दल.

एप्रिल आला, रस्त्यांचा चिखल झाला. चर्चच्या तळघरात शनिवारी पेढीच्या मदतीसाठी तिकीट लावून घेवड्याच्या उसळीचं गावजेवण झालं आणि त्याच टेबलांवर पेढीच्या विश्वस्तांची बैठक बसली. चौथा विषय होता रेमीच्या कंत्राटाचं नूतनीकरण.

एरवी कोणाला काही न विचारणाऱ्या या पेढीत एकच प्रश्न मात्र दर बैठकीच्या सुरुवातीला विचारला जायचा. तो अर्लीननी नेहमीसारखा घाईघाईत विचारला, "आजच्या विषयांत कोणाचा खासगी हितसंबंध गुंतलाय का? नाही. तर पहिला विषय—"

विनीने समोर पाहिलं. रेमी पेन्सिल फिरवत होता. गप्प राहिलं तर झाकली मूठ सव्वा लाखाची. बोललं तर रेमीचं काम जाणार, पेढीचे हिशेब पुन्हा रामभरोसे, आणि त्याच्या मनात तसं काही नसलं तर... पण फोन पुढे सरकवणारा तो हात तिला आठवला. विचारायच्या आधी. इथे तर विचारलंसुद्धा होतं.

"माझा आहे," विनी म्हणाली.

कोणाच्या तरी हातातला चमचा बशीत पडला.

"कशात?" अर्लीननी विचारलं.

"चौथ्या विषयात."

"पैशांचा?"

"नाही. माणसाचा." तिचे कान तापले होते. "मला रेमी आवडतो. खूप. त्याला माहीत नाही... म्हणजे, नव्हतं."

रेमीने पेन्सिल खाली ठेवली आणि वर्गातल्या मुलासारखा हात वर केला.

"माझाही हितसंबंध आहे. विषय तोच. सकाळीच कंपनीला कळवलंय, यापुढे पेढीचं काम माझ्या सहकारी जोआन बघतील. त्या माझ्याहून कडक आहेत. हे मी चौथ्या विषयाला सांगणार होतो, पण हिने... नेहमीप्रमाणे मला बोलूच दिलं नाही."

अर्लीननी इतका मोठा सुस्कारा सोडला की त्यांच्यापुढचे कागद हलले. "सुटलो बाई एकदाचे. आम्ही नाताळपासून वाट बघतोय. कधीपासूनचा हितसंबंध म्हणून लिहू?"

"पायावर लाकूड पडलं तेव्हापासून," रेमी म्हणाला.

"लिहिलं. आता नियमाप्रमाणे ज्यांचा हितसंबंध, त्यांनी मतदान होईपर्यंत बाहेर थांबायचं. दोघांनीही. आणि आम्ही आधी ब्लूबेरीचा केक खाणार आहोत, तेव्हा घाई करू नका."

बाहेर बारीक पाऊस पडत होता. दोघं हसत, चिखल चुकवत त्या निळ्या गाडीपर्यंत आले. रेमीने तिचा हात धरला होता आणि विनीला कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटत होतं. गाडीच्या मागच्या काचेतून तिला काहीतरी दिसलं.

"डिकी उघड," ती म्हणाली.

आत बर्चच्या मोळ्या होत्या, तिने भरल्या होत्या तशाच.

"अजून इथेच?"

"माझ्या फ्लॅटमध्ये शेगडीच नाही."

"मग परत का नाही दिल्यास?"

"तुमच्याकडे कारण विचारत नाहीत," रेमी म्हणाला.

विनीने पुढे होऊन ती डिकी लावून टाकली.

"माझ्या घरी आहे शेगडी," ती म्हणाली. "चल."