रिकाम्या खोलीची शांतता

काम अगदी साधं होतं. रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. हसू नका, आमच्या धंद्यात हे करावंच लागतं. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. सिनेमात दोन वाक्यांच्या मध्ये तीच भरावी लागते, नाहीतर कानाला खड्डा पडल्यासारखं वाटतं.

सिनेमा भुताचा होता. दिग्दर्शकाला आम्ही लाडाने भित्रोबा म्हणायचो, कारण दिवा मालवून झोपायची त्याची छाती नव्हती. सिनेमातलं घर त्याचं स्वतःचंच. शेवटच्या आजारपणात त्याचे वडील आतल्या खोलीत पडून असत. वाचा गेलेली, म्हणून पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा वाजवून ते हाक मारत. एका संध्याकाळी चमचा बराच वेळ वाजत राहिला. हा बाहेर मॅच बघत होता. याने टीव्हीचा आवाज वाढवला. मॅच संपल्यावर आत गेला, तेव्हा सगळं संपलं होतं.

तेव्हापासून कुठे काही टिकटिकलं तरी याला घाम फुटायचा. ती भीती त्याने पटकथेत जशीच्या तशी उतरवली होती. "एकदा पडद्यावर आली की सुटलो, दादा," असं मला सारखं म्हणायचा. असं कोणी सुटतं होय? पण मी कधी बोललो नाही. जीव तुटायचा त्याच्यासाठी.

चित्रीकरण संपलं. बाकीचे सामान घेऊन गेले, मी आणि भित्रोबा तेवढे उरलो. भर दुपार होती. मी आतल्या खोलीत माइक लावला, दार ओढून घेतलं आणि बाहेर बसून हेडफोन चढवले.

टिक... टिक... टिक...

आत तर चिटपाखरू नव्हतं. माझा चेहरा बघून त्याने हेडफोन ओढून घेतले, ऐकलं आणि पांढराफटक पडला.

"बाबा आहेत."

"अरे, पाइपबिइप असेल..."

"नाही, दादा. तेव्हा गेलो नाही ना... आता जातो."

हेडफोन माझ्या हातात देऊन तो आत गेला. दार लागलं. चमचा थांबला, आणि त्याचा रडवेला आवाज कानात आला, "आलो, बाबा. फार उशीर केला मी..." माझे डोळे भरून आले. चला, म्हटलं, पोराच्या छातीवरचा धोंडा उतरला.

एवढ्यात दार उघडून तो बाहेर आला आणि ते मागे ओढून घेतलं. घामाने निथळत होता.

"नाही जमलं," तो खाली बघत म्हणाला. "तोंडातून शब्दच फुटला नाही. पुन्हा पळून आलो, दादा."

माझ्या कानात अजून त्याचाच आवाज होता. "थांबतो ना, बाबा. आता कुठे जात नाही..."

मी हेडफोन त्याच्या कानाला लावले.

"हा... कोण?"

"तूच," मी कसंबसं म्हणालो.

तो दारावर धावला. दार हलेना. आत्ताच ज्या दारातून तो आला, त्याला आतून कडी होती. तो तिथेच उंबऱ्यावर बसला, दाराला कपाळ टेकून.

"त्याला तरी माफ केलंत ना, बाबा?" म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

खाली पडलेले हेडफोन मी उचलले. आतला आवाज हलका झाला होता.

"बाबा, बाहेर कोणीतरी रडतंय. उघडू?"

उत्तर मला ऐकू आलं नाही. कडी मात्र हळूहळू सरकू लागली.