उगमाचा रकाना

"लिही, आमच्या आज्यानं बल्लारशाहून आनला," धनराजनं ओसरीवरून मुलीला सांगितलं, आणि आत चुलीपुढं बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या, भागीरथेच्या, काळजात चर्र झालं!

कृषी खात्याचा माणूस गावोगाव जुन्या आंब्यांची नोंद करत फिरत होता. पोंभुर्ण्याजवळच्या यांच्या बांधावरचा 'मुका' आंबा त्याला फारच भावला होता... साल जाड, कोय चपटी, रेषा नावाला नाही, भाताच्या तणसात महिनाभर टिकणारा, आणि पिकला तरी हिरवागार! देठाशी अंगठ्यानं दाबून पाहिल्याशिवाय त्याच्या पोटातली गोडी कुणाला कळायची नाही. धनराजची दिव्यानी अर्ज भरत होती. आता एकच रकाना उरला होता : वाण कुणी, कुठून आणलं?

खरं सांगावं तर एक्केचाळीस वर्षं झाकून ठेवलेली मूठ उघडते, गप्प बसावं तर जन्मात एकच गोष्ट आपली, तिचंही खोटं होतं... भागीरथेचा जीव अडकित्त्यातल्या सुपारीसारखा झाला.

माय साप चावून गेली त्या साली ती एकोणीसची होती, धनराज सहाचा, आणि बाप बांबूतोडीला महिनोन्महिने रानात. चिमूरहून स्थळ आलं. मुलगा तिच्या मनात भरला. पण तिचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोप न येणाऱ्या त्या लेकराला टाकून ती जाणार कुठं? मले लगनच नाई कराचं, असं तिनं आपल्याच तोंडानं बापाला सांगितलं आणि कडी आतून लावून घेतली. धनराज तेच खरं मानत मोठा झाला. आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा, आमच्या बाईले लगनाचा भारी राग! चहा देता देता तीही हसायची. त्या हसण्याच्या कोंडवाड्यात तिची सारी उमर गेली.

ती दारात आली. "धनराज, आज्यानं नाई. मीनं लावला."

मग तुटक तुटक सांगितलं... पाहायला आलेल्या त्या मुलानं निघताना विहिरीपाशी तिच्या हातावर एक आंबा ठेवला होता, हिरवा दिसतो पण पिकलेला आहे म्हणाला होता. त्यांच्या घरचं झाड पुढं सडकेत गेलं. कोयीचं झाड मायच्या वळणावर जाईलच असा नेम नसतो. तिनं बांधावर लावलेल्या कोयीचं हे झाड मात्र मायच्याच वळणावर गेलं.

"मंग त्या मानसाचं नाव सांग न, आत्या," दिव्यानी म्हणाली. "उगम मनून लिहितो."

भागीरथेनं तोंड उघडलं... आणि मिटलं. पदर आपसूक डोक्यावर गेला. साठीची बाई, मान खाली घालून कशीबशी म्हणाली, "मले नाई घेता येत त्याईचं नाव."

बाईमाणूस कुणाचं नाव घेत नाही, हे धनराजला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"बाई... तू तं मनत होतीस, तुले लगन नाई कराचं."

"तू सहा वर्साचा होता."

धनराज तिच्या पायाशी खालीच बसला. पिकल्या मिशांवरून आसवं ओघळत राहिली, ती त्यानं पुसली नाहीत. मग मुलीकडं न पाहताच तो म्हणाला, "लिही, बेटा... आत्याच्या सासरून आला."